बाबांच्या अर्जात मी लिहिलेलं खरं

बाळकुम, मंगळवार, जून १९५१

मी हे काय करून बसले! कोलशेतच्या कारखान्यात पहारेकऱ्याची जागा आहे. बाबांचा अर्ज मीच इंग्रजीत भरला. गेले चार महिने काय करत होता, या रकान्यात सरळ लिहिलं : दारू सोडवण्यासाठी वेड्यांच्या इस्पितळात होतो, आता बरा आहे. बाबांनी काही न विचारता सही केली आणि अर्ज गेलाही. लेक पदवीधर, मग विचारायचं कशाला?

आज सांगितलं तेव्हा आई कडाडली, "अगं, दारूबंदी आहे! पिणारा म्हणजे चोरच. नुसतं आजारी लिहिलं असतंस तर हात झडला असता?"

पण लपवून मिळवलेली नोकरी टिकेल? की माझा खरेपणा मिरवायला मी त्यांची सही वापरली? ती सही, एकेक अक्षर जपून काढलेली...

बाबा रागावले नाहीत. तेच सोसवत नाही. म्हणाले, "उद्या साहेबांनी विचारलं तर काय बोलू, ते मराठीत लिहून दे गं. पाठ करतो."

तासभर बसले आहे. 'साहेब, मी दारुडा होतो,' एवढं लिहिलं. पुढे हात चालत नाही.