ओयपोशाखालाची दुआ

बुखारा,
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय बुलोरजान,

तुला आणि घरच्या सगळ्यांना सलाम. आम्ही इकडे बरे आहोत. बर्फ वितळून गल्लीत चिखल झालाय. परवा धाकट्या सुनेने पुलाव करपवला आणि 'आज मुद्दाम खमंग केलाय' म्हणत वाढला. सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ला. तिकडे इस्राएलात, तुमच्या रामल्यात आता थंडी सरत आली असेल.

तुझं पत्र पोचलं. माझ्या आईवर पुस्तक लिहायचं तर लिही, पण माझं नाव त्यात घालू नकोस, असं तू लिहिलंस. दुसऱ्याच्या नवरीसाठी जी देश सोडून निघालेल्या आपल्या मुलीला निरोप द्यायला गाडीवर आली नाही, तिच्या चरित्रात तुला जागा नको आहे. पत्र पेटीत ठेवलं. रोज उत्तर लिहायला बसते आणि डाळिंबं सोलायला उठते.

पुस्तक जवळजवळ झालंय. मला वाटलं होतं, मी जन्मभर लग्नांत तुझ्या आईच्या, ओयपोशाखालाच्या गाण्यामागे बसून डफ वाजवला, शाळेत पोरांना भाषा शिकवली, मग तिचं चरित्र लिहिणं काय अवघड? पण ज्याला विचारावं त्याची ओयपोशा वेगळी. कुणाच्या लग्नात ती रात्रभर गायली, कुणाच्या लग्नात रुसून निघून गेली. आणि नवरीचा पडदा उचलतानाचं तिचं ते गाणं! आता पोरं ते विजेच्या पेटीवर वाजवतात. टॅक्सीत लागलं होतं, तर चालक म्हणाला, फार जुनं गाणं आहे, दोनशे वर्षांचं. मी म्हटलं, ते रचणारी बाई माझ्याकडून कांदे उसने न्यायची. तो म्हणाला, "माफ करा आजी, तुमचं वय काढायचा हेतू नव्हता."

खाला असती तर पोट धरून हसली असती. मला मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "सबोहत, तुझा हात डफावर पडतोय की कणकेवर?"

आता त्या दिवसाचं लिहिते. तुझी गाडी सुटली तेव्हा आम्ही गिझदुवानला एका लग्नात होतो, एवढं तुला माहीत आहे. पुढचं कुणी सांगितलं नसेल. पडदा उचलायची वेळ झाली, तरी खाला आत येईना. बघायला गेले तर ती अंगणात शेगडीपाशी बसून डफ तापवत होती. कातडं ताणून बसावं म्हणून आम्ही क्षणभर धरतो, तिने धरूनच ठेवला होता. मी हाक मारली, तेवढ्यात कातडं फाटलं. तिच्या हातून कधीच डफ फाटला नव्हता, बुलोर. नवशिक्या मुलीच्या हातूनही फाटत नाही. तिने फाटक्या डफाकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी सुटली असेल का गं?" मी म्हटलं, सुटली असेल. मग म्हणाली, "आज तू म्हण." ते गाणं त्या दिवशी मी म्हटलं. माझ्या मागे बसून ती टाळ्या वाजवत राहिली.

ती स्टेशनवर का आली नाही, ते मला ठाऊक नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. प्रकरणात मी कारण लिहिलेलं नाही, फक्त डफ फाटला एवढं लिहिलंय.

आता जे लिहायचं टाळून सारखी उठत होते ते.

प्रकाशक फैझुल्लोआकांनी प्रस्तावनेत मला ओयपोशाची वारस म्हटलंय. सगळी गल्ली तेच म्हणते. उस्तादाने ओंजळ उघडून दुआ दिल्याशिवाय आपल्यात कुणी लग्नघरी गायला पुढे बसत नाही, हे तुला काय सांगायचं. गेल्या वसंतात, डोळे मिटायच्या अगदी थोडं आधी, खालाने बायकांना बोलावलं. कशासाठी, ते सगळ्यांना कळलं. मी नवा रुमाल बांधून, हात पसरून तिच्यासमोर बसले. तिने ओंजळ उघडली, ओठ हलवले, हात चेहऱ्यावरून फिरवले. मागच्या बायका आमीन म्हणाल्या, त्यांनी मला मिठ्या मारल्या. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. मी हातभर अंतरावर होते.

"बुलोर," ती म्हणाली, "आता तू पुढे बस."

तिला नीट दिसत नसेल, अशी मी मनाची समजूत घालणार होते. पण लगेच तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सबोहत, चहा गार झालाय."

तेव्हापासून लग्नाचं बोलावणं आलं की मी गुडघे दुखतात म्हणून सांगते. गुडघे ठणठणीत आहेत. नवरोजनंतर शेजारच्या शाहनोझाचं लग्न आहे. बायका म्हणतात, गुडघे दुखोत नाहीतर गळोत, तुला उचलून आणू.

तुझं नाव खोडायचं असेल तर सांग, मी खोडते. मग प्रस्तावनेतलं माझंही खोडेन, आणि ओयपोशाने दुआ कुणालाच दिली नाही असं छापलं जाईल. ते खरं नाही, पण दुसऱ्याच्या ताटातलं खाल्ल्यासारखं तरी होणार नाही. नाव राहू दिलंस, तर दुआ तुझी, आणि मला ती तुझ्याकडून मागून घ्यावी लागेल. तू कधी डफाला हात लावला नाहीस, तुझं आयुष्य दवाखान्यात रोग्यांपाशी गेलं, हे मला माहीत आहे. तरी मागते. मला पुढे बसायचंय, बुलोरजान. या वयातही बसायचंय.

तू तिकडे तुझ्या स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या दिलीस तरी चालेल. आईला माफ करायचं की नाही, तो तुमचा दोघींचा प्रश्न. मी त्यात बोलणार नाही.

तुझ्या होकाराशिवाय पुढे न बसणारी,
सबोहत