माकडाला दिलेलं माझं हसू

बाई, एक मूल हिरमुसलं आणि बाकीचा सगळा वर्ग पोट धरून हसला, तर तो खेळ चांगला म्हणायचा की वाईट? गेले तीन आठवडे हा प्रश्न घेऊन फिरते आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. पहिलीत असताना उत्तर आलं नाही की मी पाटीकडे बघत बसायचे, आणि तुम्ही म्हणायचात, पाटीवर काही लिहिलेलं नाही, माझ्याकडे बघ. म्हणून तुमच्याकडे बघते आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा मी सातवीत होते. ओळख पटावी म्हणून सांगते, पेडण्याजवळच्या चोपड्याच्या शाळेतली, चिऱ्यांचा ट्रक चालवणाऱ्याची मुलगी, जिची एकाच बाजूची रिबन नेहमी सुटलेली असायची आणि जिला तुम्ही वर्गात बोलताना दर वेळी आधी ती रिबन बांधून घ्यायला सांगायचात.

मी आता बी.एस्सी. झाले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. डिचोलीच्या बाजारात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर छोटं ऑफिस आहे. तिथे आम्ही चार जण लहान मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ करतो, अक्षरांचे, अंकांचे, रंगांचे. आई शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगते, "माझा चेडू कॉम्प्युटरात आसा." पुढे कोणी विचारलं, ती काय करते, की आई जरा थांबते आणि म्हणते, "खेळता." एवढं शिकून शेवटी खेळता, हे तिला अजून नीटसं पटलेलं नाही. मला मात्र हे काम फार आवडतं. ज्या मुलांच्या घरी कोणी अभ्यास घ्यायला नाही, त्यांच्याजवळ बसून न कंटाळता शंभर वेळा तेच सांगणारं काहीतरी असावं, असं मला कॉलेजपासून वाटत होतं. कॉम्प्युटर कंटाळत नाही. तुम्हीही कंटाळायचा नाहीत, पण तुम्ही एकट्या होतात आणि आम्ही चौतीस.

आमचा सगळ्यात गाजलेला खेळ माकडाचा. पडद्यावर एक चित्र येतं, खाली तीन अक्षरं येतात, आणि चित्रातल्या वस्तूचं पहिलं अक्षर दाबायचं. बरोबर असेल तर माकडाला केळं मिळतं. चूक असेल तर माकड हसतं. ते हसू माझं आहे. खरोखरच माझं, कारण खेळांना आवाज आम्हीच देतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी दार लावलं, पंखा बंद केला, खाली पोय आणि पाव विकणाऱ्याचा भोंपू थांबायची वाट बघितली आणि मी माइकपुढे हसले. आमचे ऑफिसचे सर म्हणाले, हे बँकेतल्या बाईचं हसू झालं, माकडाचं पाहिजे. सातव्या वेळी जमलं. एवढं जमलं की खालचा दुकानदार काय झालं म्हणून वर बघायला आला.

केळं म्हणजे बक्षीस, असं आम्ही ठरवलं होतं. मुलांनी पहिल्याच दिवशी ठरवलं की बक्षीस म्हणजे हसू. कमळाचा क स्वच्छ येत असूनही ती मुद्दाम ढ दाबतात, माकड हसलं की स्वतः हसतात, आणि पुन्हा ढ दाबतात. शाळांतून फोन येतात की मुलं जागची उठत नाहीत. सर खूश आहेत. मीही होते. शाळेत खेळ बघायला गेले की मुलं मला म्हणतात, टीचर, एकदा हसून दाखवा, आणि मी दाखवते. चोवीस वर्षांच्या बाईने वर्गात उभं राहून माकडासारखं हसावं हे तुम्हाला आवडलं असतं असं मला वाटतं.

तीन आठवड्यांपूर्वी मी पेडण्याकडच्या एका शाळेत गेले होते. पहिलीचा वर्ग, वीस मुलं, बाकांवर लॅपटॉप. मागच्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी अगदी मन लावून खेळत होती. ती मुद्दाम चुकणाऱ्यांतली नव्हती. ओठ हलवत, अक्षर आधी बोटाने हवेत काढून मग दाबणारी होती. तिच्यासमोर खिडकीचं चित्र आलं. खाली ख, ज आणि प. तिने चित्राकडे बघितलं, मग वर्गाच्या खिडकीकडे बघितलं, हवेत ज काढला आणि ज दाबला. माकड हसलं. त्याचा आवाज ऐकून शेजारची मुलं हसली, मग पुढची हसली, का हसतोय हे न कळता सगळा वर्ग हसला. तिने हात उचलला आणि मांडीखाली घालून बसली. मी जवळ जाऊन विचारलं, ज का दाबलास गो? तिच्या शेजारणीने खिडकीकडे बोट करून उत्तर दिलं, "तिगेर जनेल म्हणटात."

मी तेव्हा वरवर हसून सोडून दिलं. दोन आठवड्यांनी पुन्हा गेले तर तिच्या टीचर म्हणाल्या, ती आता लॅपटॉपला हात लावत नाही. शेजारणीला सांगते हे दाब, ते दाब, आणि बहुतेक बरोबर सांगते, पण स्वतःचे हात मांडीखाली. मी लांबून बघत उभी राहिले. माझंच हसू पाच-सहा लॅपटॉपमधून पुन्हा पुन्हा येत होतं, आणि दर वेळी तिचे खांदे जरासे वर जायचे.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं की खिडकीला ज सुद्धा बरोबर धरू या आणि चुकल्यावरचं हसू काढू या. सर वाईट माणूस नाहीत. मला नोकरी देताना त्यांनी मार्कांआधी विचारलं होतं की मुलांशी बोलता येतं का. पण त्यांनी मान हलवली. पुस्तकात खिडकी आहे, परीक्षेत खिडकी येणार. पालक म्हणतील खेळ चुकीचं मराठी शिकवतो. आज जनेल घेतलं की उद्या वाळपईचा एक शब्द, परवा कारापूरचा. आणि हसू काढलं तर मुलं उठून जातील. मग ते म्हणाले, "एका मुलीसाठी खेळ बदलत बसलो, तर खेळ पुरा कधी होणार?" त्यांचं प्रत्येक वाक्य खरं होतं, त्यामुळेच मला एवढा त्रास झाला.

घरी जाताना स्कूटरवर मला तुमचा वर्ग आठवला. जुन्या कॅलेंडरांची आणि चपलांच्या खोक्यांची कात्री लावून तुम्ही केलेली चित्रं. खोबरेल तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ती असायची आणि हातात घेतली की बोटांना वास यायचा. मधल्या सुट्टीनंतर तुम्ही ती जमिनीवर पसरता आणि आम्ही एकेक उचलून अक्षरांच्या ढिगात ठेवतो. नदीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्यांची एक मुलगी माझ्यासमोर बसली आहे. ती चमच्याचं चित्र उचलते आणि क च्या ढिगात ठेवते. तुम्ही विचारता, हे काय गो? ती म्हणते, कुलेर. आणि मी हसते. आमच्या घरी चमचाच म्हणत. बाबा सिंधुदुर्गातून कामाला आलेले, कुलेर हा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही, आणि जो शब्द मला ठाऊक नाही तो शब्दच नाही अशी माझी खात्री आहे. मी एवढं हसते की माझी रिबन सुटते.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी विसरले असते. तुम्ही रिबन बांधायला घेतलीत आणि बांधता बांधता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "तुला कुलेर ठाऊक नाही हे आज कळलं. शाळा सुटली की हिच्याबरोबर हिच्या घरी जायचं. तुला नाव येत नाही अशा पाच वस्तू बघायच्या, नावं पाठ करायची, आणि उद्या आम्हाला शिकवायची." मला रडू आलं. त्या मुलीला तर माझ्यापेक्षा जास्त संकट पडलं, कारण पाहुणी म्हणून मला घरी न्यायचं होतं.

तिची आई दारात जाळं दुरुस्त करत बसली होती. "कोणाचें गो चेडूं तूं?" तिने विचारलं. मी बाबांचं नाव सांगितलं. तिला कळलं नाही. ट्रकवाल्याचं म्हटल्यावर कळलं. बाईंनी शिक्षा म्हणून पाठवलं आहे असं मी खरं सांगून टाकलं, तर ती एवढी हसली की जाळ्याची सुई खाली पडली. मग तिने शिक्षा मनावर घेतली. मला हाताला धरून घरभर फिरवलं. चहा प्यायचा तो कोप. त्याच्यात बुडवायचा पाव तो उंडो. तोंड पुसायचा तो तुवालो. भिंतीतून नदी दिसते ते जनेल. पाचवी वस्तू चुलीजवळची होती, गरम भांडं धरायची, आणि तिचंही तिने काहीतरी नाव सांगितलं. येताना त्या मुलीने मला वाटेपर्यंत सोडलं, आणि त्या दिवसापासून आम्ही एका बाकावर बसलो.

आता कबूल करते. पाचवं नाव मी घरी पोचेपर्यंत विसरले. दुसऱ्या दिवशी तुम्ही खडू घेऊन उभ्या राहिलात, मी चार शब्द धडाधड सांगितले आणि पाचव्याला मनाने रचून सांगितलं, चिमटोर. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली, पण बोलली नाही. तुम्ही फळ्यावर चिमटोर लिहिलंत, वळणदार अक्षरात, इतर चारांच्या खाली. वर्गाने तो पाच वेळा म्हटला. वर्षभर आम्ही सगळे चिमटोर म्हणत होतो, पोषण आहार घेऊन येणाऱ्या मावशीसुद्धा म्हणू लागल्या. बाई, तुम्ही पेडण्याच्याच. तुमचा जन्म इथल्या चुलीपुढे गेला. असा शब्द नाही हे तुम्हाला कळलं नसेल, हे शक्यच नाही.

म्हणजे बघा, जनेल हा शब्द वर्गात मीच पाठ करून आणला होता. आणि अठरा वर्षांनी एका सहा वर्षांच्या मुलीने तोच शब्द माझ्यासमोर धरला, तर मी तिला सातव्या वेळी जमलेलं हसू हसून दाखवलं. चित्रांची यादी करताना मला कोप आठवला नाही, कुलेर आठवली नाही. पुस्तकातलं मराठी शिकत शिकत कॉलेजपर्यंत आले आणि मधे कुठेतरी ती शिक्षा पुसून गेली.

गेल्या गुरुवारी मी रजा टाकून त्या शाळेत गेले. लॅपटॉप काढलाच नाही. त्या मुलीला व्हरांड्यात बोलावलं आणि म्हटलं की मला एक अडचण आहे, माझ्या माकडाला जनेल हा शब्द येत नाही, आणि मला तो नीट म्हणता येत नाही, तू म्हणून दाखवशील का? तिने माझ्या फोनकडे संशयाने बघितलं. मी मुद्दाम वाईट उच्चार केला. तिला तो सहन झाला नाही. "तशें न्हय," ती म्हणाली, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "जनेल." तिच्या टीचरनी आईला विचारून होकार आणून ठेवला होता, म्हणून तो शब्द मी फोनवर रेकॉर्ड करून घेतला. मग तुवालो झालं, उंडो झालं. कुलेर मी सुचवली तर म्हणाली, ती आमगेर म्हणनात, चमचो म्हणटात. एवढ्या वर्षांत पेडण्याचीही भाषा बदलली, आणि मी परत एकदा चुकले.

त्या रात्री जागून मी खेळ बदलला. नव्या खेळात खिडकीला ख दाबला तर माझा आवाज खिडकी म्हणतो आणि ज दाबला तर तिचा आवाज जनेल म्हणतो. केळं दोन्हीला. शुक्रवारी तो तिला आणि तिच्या वर्गाला लावून दिला. ती हात मांडीखाली घेऊन बसली होती. शेजारणीने ज दाबला. आवाज आला. तिने आधी लॅपटॉपच्या मागे जाऊन बघितलं, मग मला विचारलं, "हो म्हजो आवाज?" मी हो म्हटलं. तिने शेजारणीला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः ज दाबला. परत दाबला. मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी शेजारणी टीचरकडे तक्रार घेऊन गेली की ही उठत नाही.

हसू मी फेकलेलं नाही, तेवढा जीव नाही झाला. माकडाच्या पोटाला गुदगुल्या केल्या की ते आता हसतं, कोणी चुको वा न चुको. परिणाम असा झाला की पहिल्या बाकावरची मुलं अक्षरं सोडून नुसत्या गुदगुल्या करत बसली. एकाने मला तोंडावर सांगितलं की पूर्वीचं माकड बरं होतं, ह्याला चुकलेलं कळतच नाही. त्याचंही मला पटलं. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही, आणि सरांनी विचारलं तर सांगायला माझ्याजवळ काही भक्कम नाही.

आज रविवार आहे. तुम्हाला विचारून मग ठरवावं म्हणून मी लिहायला बसले, असं मी स्वतःला सकाळपासून सांगते आहे. ते खरं नाही. नवा खेळ मी काल दुपारीच सगळ्या शाळांना पाठवून दिला. सरांना उद्या कळेल.