घोड्याचं नाव छापलंस

धुलाईघर,
सोमवार, ८ ऑगस्ट

धाकट्या,

घोड्याचं नाव छापलंस! पान एकशे बारा, फोटोच्या खाली. आधी मिशनच्या गोऱ्या साहेबांचं नाव, मग घोड्याचं नाव, तेही ठळक अक्षरात, आणि मग काय, तर ‘एक देशी मदतनीस स्त्री’. ती मदतनीस स्त्री तुला नऊ महिने पोटात घेऊन उन्हातान्हात फिरली रे. घोड्याला नाव आहे आणि तिला नाही? मी इथे दवाखान्याच्या चादरी धुते. एकेका चादरीवर वॉर्डाचा शिक्का मारते, म्हणजे ती हरवू नये. आपली आई चादरीहून गेलीगुजरी का?

सलाम राहिला. प्रभूमध्ये सलाम. तुझ्या बायकोला सलाम, पोरींना मुके. मी बरी आहे, गुडघा बरा नाही. झालं.

मिशनला शंभर वर्षं होतात म्हणून समितीनं तुझ्याकडून पुस्तक लिहून घेतलं, याचा मला अभिमान होता, खोटं नाही सांगत. तू पाठवलेला गठ्ठा मी सगळ्यांना दाखवला. ‘छापायला जाण्याआधी नुसती नजर टाक, ताई,’ असं तू लिहिलंस. नजर टाकायला मला नऊ दिवस लागले. दुपारच्या सुट्टीत, इस्त्रीच्या टेबलावर, ओळीखाली बोट ठेवून. तुझे शब्द असे लांबलचक की एकाच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते.

आणि वर ती चिठ्ठी. ‘मिशनच्या नोंदवहीत ज्यांचं नाव आहे त्यांचंच छापायचं, असा समितीचा नियम आहे. आईच्या नावावर रेघ मारलेली आहे, कारण लिहिलेलं नाही. तिनं तर तब्येतीमुळे काम सोडलं ना? तुला काही माहीत आहे का?’

त्याचं सांगते. आधी तुझ्या पहिल्या प्रकरणाबद्दल बोलू.

‘जागतिक मिशनकार्याचा इतिहास व उद्देश.’ इतिहासाबद्दल माझी तक्रार नाही. पहिले लोक जहाजातून आले, तापानं मेले, तरी मागचे येत राहिले, हे तू चांगलं लिहिलंस. साहेब काही वाईट माणूस नव्हता. पटकीच्या साथीत त्यानं स्वतःच्या हातांनी माणसं उचलली. त्याची दोन लेकरं दवाखान्याच्या मागे पुरलेली आहेत, त्या थडग्यांवरचं गवत अजून मीच काढते. कुणी सांगितलेलं नाही, तरी काढते. तेव्हा ताई मिशनच्या विरुद्ध गेली असं समितीला सांगू नकोस. मी मिशनच्या बाजूचीच आहे. तुमच्यापेक्षा जास्त.

पण उद्देशावर तू चार पानं खर्च केलीस आणि मला एक ओळ कळली नाही. आईला कुणीतरी विचारलं होतं, बाई, तुम्ही रोज एवढं चालता ते कशासाठी? ती म्हणाली, ‘जिथे कुणी जाऊन बसत नाही, तिथे जाऊन बसायचं.’ संपला उद्देश. हे घाल तुझ्या प्रकरणात. तीन पानांचा कागद वाचेल.

तू तेव्हा दोन-तीन वर्षांचा, तुला आठवणार नाही. आई बायबलबाई होती. म्हणजे मिशनची बाई, घरोघर जाऊन बायकांना वचन सांगणारी. ज्या आतल्या खोल्यांत साहेबाला पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे ही जायची. तिची रीत ठरलेली होती. पहिल्या तीन खेपांना पुस्तक फडक्यातून सोडायचं नाही. गाठ तशीच ठेवायची. घरातली बाई धान्य निवडत असेल तर सूप आपल्याकडे ओढायचं आणि निवडायला लागायचं. खडे काढायचे, सासूच्या कागाळ्या ऐकायच्या. चौथ्या खेपेला ती बाईच विचारायची, ‘अगं, त्या फडक्यात काय आहे ते तरी दाखव!’ मगच गाठ सुटायची. एकदा मडमबाईनं, म्हणजे साहेबाच्या बायकोनं, बजावलं, ‘महिन्याला तीस घरी वचन वाचलंच पाहिजे.’ आई म्हणाली, ‘हो बाई,’ आणि आपल्या रीतीनंच गेली.

आता दुसरी गोष्ट. आईला वाचता येत नव्हतं.

बस खाली. पाणी पी. तुझ्या पुस्तकात लिहिलंय, ‘बायबलबाया साक्षर असत.’ असतील दुसऱ्या. आपल्या आईला अक्षर येत नव्हतं. वाचायची मी. तिसरीतून मला उठवलं ते त्यासाठी. मडमबाईला वाटायचं, मुलगी आईचं बोट धरून येते, किती गोड. मी मांडीवर पुस्तक घेऊन वाचायची आणि आई पुढे सांगायची. एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून हलत नसे. तू पुढे बोर्डिंगात गेलास, शिकलास, पाळक झालास, पुस्तक लिहिलंस. मी तिसरीच राहिले. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. माझ्या तिसरीवर ते काम उभं होतं, एवढंच. तेही कुठल्या पानावर नाही. नसू दे. माझं नको मला.

मध्ये उठले होते. ऑपरेशनच्या चादरी आल्या, त्या थांबत नाहीत. रक्त गार पाण्यातच काढावं लागतं. गरम पाणी घातलं की डाग कायमचा बसतो. नव्या पोरींना हे रोज सांगावं लागतं.

तर रेघ.

नदीपलीकडच्या वस्तीत एका घरी सून बाळंत होती. मूल आडवं. दोन दिवस चाललं होतं. सुईण हताश होऊन बसली, बोलावणं आईला आलं. त्या घरी आमच्या सात-आठ खेपा झालेल्या, गाठ सुटलेली. मी दाराशी होते, अकरा वर्षांची. मूल मेलेलं आलं. सुनेचं रक्त थांबेना. ती आईचा हात धरून म्हणाली, ‘मला ते पाणी द्या. आत्ता द्या.’ आई म्हणाली, ‘साहेब उद्या येतील.’ ती म्हणाली, ‘उद्या मी कुठे आहे?’

आईनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, ‘द्या. मागतेय ना ती!’ घरातल्या पेल्यातलं पाणी घेऊन आईनं तिला बाप्तिस्मा दिला. पाळकाचं काम, जे बाईनं करायचं नाही, आईसारख्या देशी बाईनं तर मुळीच नाही. शब्द सगळे बरोबर म्हटले. मीच तिला वाचून दाखवले होते ना. सून तासाभरात गेली. पण जाताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते मी अजून कुणाला सांगू शकलेले नाही. तुलाही येणार नाही सांगता.

आईनं वाटेत मला सांगितलं, ‘हे आपल्यातच ठेव.’

चार दिवसांनी मडमबाईनं मला बंगल्यात बोलावलं. माझ्याकडून एक पान वाचून घेतलं, शाबासकी दिली, रंगीत पेन्सिल दिली. म्हणाली, ‘आई काय काय करते गं घरोघरी?’ आणि मी फुशारले, धाकट्या. म्हटलं, ‘माझी आई बाप्तिस्मासुद्धा देते! साहेबासारखा!’

मी सांगितलं. मी. दुसऱ्या कुणी नाही.

त्या शनिवारी आईचं काम गेलं. साहेबानं तिला शिव्या दिल्या नाहीत, नुसती रेघ मारली. वर सांगितलं, कुठे बोलू नका, मुलाला आम्ही शिकवू. तब्येतीचं कारण आईनं तुझ्यासाठी बनवलं. तू पुढे त्यांच्याच बोर्डिंगात जाणार होतास ना.

आईला वाटलं, सुईणीनं सांगितलं. ती सुईण भली बाई होती. आई तिच्याशी मरेपर्यंत बोलली नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर ती असतानासुद्धा आईनं कूस बदलून घेतली. आणि मी दोघींच्या चादरी बदलत होते. तोंड शिवलेलं. बेचाळीस वर्षं शिवलेलं. तू सारखा म्हणतोस ना, ताई किती फटकळ आहे! जिला एक गोष्ट बोलायची नसते, ती बाकी सगळं बोलते.

सुईणीची नात इथे माझ्या हाताखाली इस्त्री करते. परवा तिला सांगून टाकलं. तिनं इस्त्री बाजूला ठेवली, म्हणाली, ‘मावशी, आजी गेली तेव्हा तुम्ही एवढ्या का रडलात ते आज कळलं.’ आणि पुन्हा इस्त्रीला लागली. मला वाटलं होतं, अंगावर धावून येईल. आली असती तर बरं झालं असतं.

आता तुझ्या फोटोचं. आईला काढल्यावर दोन आठवड्यांनी ती सासू बंगल्यावर आली. म्हणाली, ‘माझ्या सुनेला जे मिळालं, ते आम्हाला द्या.’ मागोमाग तिचं सगळं घर, मग शेजारपाजार, अशी बारा घरं. तू लिहिलंस, ‘त्या वर्षी साहेबांच्या अथक परिश्रमांनी बारा कुटुंबं प्रभूकडे आली.’ परिश्रम! साहेब त्या वस्तीत तोवर एकदाच गेला होता, तेही रस्ता चुकून.

नदीवर साहेबानं त्यांना बाप्तिस्मा दिला. आई गेली होती. काम गेलेलं, पगार नाही, तरी गेली, कारण त्या बायका तिला शोधणार हे तिला माहीत होतं. साहेबाला पाण्यात उतरायचं होतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि लगाम आईच्या हातात दिला. फोटोत ती घोडा धरून उभी आहे ती म्हणून. नीट बघ. भिंग लाव. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, घोडासुद्धा. आई पाण्याकडे बघतेय.

तर आता ऐक. पान एकशे बारावर आईचं नाव छापायचं. नाव तुला माहीत आहे. मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही, ते तुझ्या हातानं लिहून छापलं जायला हवं. पुढे लिहायचं, ‘बायबलबाई’. बारा घरं कुणामुळे आली ते लिहायचं. रेघ का मारली ते लिहायचं, आणि कुणी सांगितलं तेही लिहायचं: ‘तिच्या मोठ्या मुलीनं.’ सुईणीवरचा आळ निघाला पाहिजे.

समिती नाही म्हणेल. म्हणू दे. परदेशातून पाहुणे येणार, त्यांच्यासमोर शोभा होईल, हे तू लिहिशील, मला पाठ आहे. पण त्या शंभरीच्या कार्यक्रमाचे टेबलक्लॉथ माझ्याकडेच इस्त्रीला आलेत, तेव्हा मी त्या दिवशी मंडपात असणारच. पुस्तकात नाव नसेल तर मी उभी राहून सांगेन. मला भाषण येत नाही, पण आईच्या शेजारी बसून मी शेकडो घरांत मोठ्यानं वाचलंय. माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.

तुझी पानं याच पत्रासोबत परत पाठवतेय. एकशे बारावर मी शिक्का मारलाय, वॉर्डाचा, दुसरा नव्हता. शाई धुतली जाणार नाही.

‘प्रार्थना करून कळवतो’ असं लिहू नकोस. प्रार्थना मी केली आहे. शनिवारी, वीस तारखेला, दुपारच्या टपालानं मला एका शब्दात उत्तर हवं. हो की नाही.

तुझी ताई,
जिनं सांगितलं ती