आटत्या डोहातले मासे

प्रिय चिमे,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं. तुझी आई बरी आहे. शेजारणीकडे शिवणाला जाते, दुपारी चार शब्द बोलते. तू वसतिगृहात नीट जेवतेस ना, एवढंच विचारत असते.

यंदा डोंगरावर बर्फ नावालाच पडला आणि वसंत कोरडा ठणठणीत गेला. धरणात एकवीस टक्के पाणी. सकाळी पट्टीवरची पातळी वाचायची आणि साहेबांना कळवायची, एवढंच माझं काम उरलं होतं. नदीत सोडायचं पाणी आम्ही एका धारेवर आणलं. पात्रात घोटाभर पाणी, बाकी नुसते डोह.

दादाला ते बघवेना. तुझा बाप म्हणजे नदीचं माणूस. आठवतं, जेवणाच्या टेबलावर गळाला पिसांची खोटी माशी बांधत बसायचा आणि भाजीत पिसं पडली की आई ओरडायची? त्या खोट्या माशीने खरा मासा फसवायचा आणि गळ सोडवून परत पाण्यात सोडून द्यायचा. हा उपद्व्याप कशाला, असं मी विचारलं की म्हणायचा, "तुला आकडे कळतात, नदी नाही कळत."

मार्चअखेरीस त्याने गळाची काठी माळ्यावर टाकली. म्हणाला, "पाणी कोमट झालंय रे. मासे धापा टाकतायत. धापा टाकणाऱ्याला कोणी शर्यतीत पळवतं का? यंदा मी नदीत उतरणार नाही." मी ते खरं धरून चाललो.

बाबा मासे धरताना घसरून बुडाले, असं सगळ्यांनी तुला सांगितलं. तसं नाही, चिमे. त्याच्याजवळ काठी नव्हतीच. दोन बादल्या होत्या. आटत्या डोहांतले मासे बादलीत घेऊन तो वळणावरच्या खोल पाण्यात नेऊन सोडत होता. आठवडाभर, कुणाला न सांगता; वळणावरच्या गुराख्याने पाहिलं होतं, त्याने मला मागाहून सांगितलं. मला सांगितलं असतं तर मी हसलो असतो, हे त्याला ठाऊक होतं.

त्या मंगळवारी खालच्या शहराच्या टाक्या कोरड्या पडल्या. साहेबांचा फोन आला, धरणाचा दरवाजा ताबडतोब उघडा. नियम असा, की आधी तीनदा भोंगा वाजवायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. मी भोंगा वाजवला नाही. त्याची कळ खालच्या खोलीत, मधे एक्क्याण्णव पायऱ्या, माझा गुडघा सुजलेला, वर फोन पुन्हा खणखणू लागला. आणि म्हटलं, अशा नदीत असणार तरी कोण? उतरणारा एकटा दादा, आणि तो तर उतरणार नव्हता. दरवाजा उघडला, आणि लोंढा दादा होता त्या डोहावरून गेला. वहीत मात्र 'भोंगा वाजवला' असं लिहिलं. हाताच्या सवयीने.

उद्या चौकशीत माझी साक्ष आहे. साहेब म्हणतात, निवृत्तीला चार महिने राहिलेत, वहीत आहे तेच सांगा. मी खरं सांगणार आहे. ते वर्तमानपत्रात येईल, त्याआधी तू माझ्या हातचं वाचावंस म्हणून हे पत्र. तुझ्या आईला आज सांगितलं. तिने शिवण खाली ठेवलं, आत गेली आणि दाराला कडी लावली. तू तसंच केलंस तरी माझं काही म्हणणं नाही.

तू म्हणू दिलंस तर,
तुझाच काका