कडक टोकाची गोळी

सोम., ९ फेब्रुवारी. धुळे.
आदेश हातात आला. फैजपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला जो केळीपट्टा आहे, त्यातला बिबट्या. बाई मारली त्यानं. पिंजऱ्यात शिरेना, बेशुद्ध करायला आलेली टीम हात हलवत परत गेली. आता ठार मारायचा, आणि मारायला माझं नाव. माझं आणि त्या नगरवाल्या शिकाऱ्याचं. तो गुरुवारी पोचणार.
पेढे आणले. बायको म्हणाली, "एक बाई मरनी, आनि तुम्ही पेढा खाई राहिनात?" खाल्ला. का नको खाऊ? इतकी वर्षं रायफल क्लबात नुसत्या कागदाला भोकं पाडली.

मंगळ., १०.
गन हाऊस. शेठ म्हणतो, तुमच्या बोअरची मऊ टोकाची काडतुसं संपली, शुक्रवारी येतील. कडक टोकाची आहेत.
मऊ टोकाची अंगात जाऊन पसरते, जनावर जागीच बसतं. कडक टोकाची आरपार जाते. बिबट्या म्हणजे अंगानं पातळ, त्याला भोक पडेल आणि तो चालू लागेल. हे मीच क्लबात नवीन पोरांना शिकवतो!
जामनेरच्या मित्राला फोन. त्याच्याकडे मऊ आहेत. "घेऊन जा, कोण बघतंय?" त्याच्या परवान्यावरची काडतुसं माझ्या रायफलीत? पंचनाम्यात रिकामी पुंगळीसुद्धा जमा होते. नाही म्हटलं. परवाना गेला तर धुळ्यात तोंड दाखवायला जागा नाही.
म्हणजे कायद्यानं दोनच गोष्टी. शुक्रवारपर्यंत थांबा, नाहीतर कडक घ्या. थांबलो तर नगरवाला मारणार आणि फोटोत मी कडेला उभा. कडक घेतली. शेठ हसला, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." त्याला म्हटलं, तू विकायचं बघ.

बुध., ११. फैजपूर.
बागेचे मालक नाना. माणूस मरण्यापेक्षा माल पिकण्याची काळजी जास्त. "भाऊ, घड तयार झाले. आता नाही कापले तं बागातच पिकून जातीन. मजूर पाय ठेवू नाही राह्यले." मला नाना आवडले. निदान खरं बोलतात.
मेली ती जामसिंगची बायको. डोंगरपायथ्याच्या पाड्यावरचा, याच बागेत घड वाहतो. रडत नव्हता. बांधावर वाघदेवाचा शेंदूर फासलेला दगड आहे, तिथं कोंबडी ठेवून आला होता. मी म्हटलं, "बायको खाल्ली त्यालाच वर कोंबडी? आग्रहाचं जेवण घालतोस की!" सोबतचे वनखात्याचे रेंजर हसले. जामसिंग म्हणाला, "मरना म्हंजे माले दखाडा, भाऊ."
दाखवीन म्हटलं.

गुरु., १२.
नगरवाला दुपारी आला. मऊ टोकाचा डबा टेबलावर ठेवला, मुद्दाम. "तुम्ही काय वापरता?" मी म्हटलं, जे लागतं ते. तो पलीकडच्या गावाला ठसे बघायला गेला. बरं झालं.
दिवस कलायच्या आत बिबट्या बांधावर आला. आडवा. उजेड चांगला. याहून सोपं निशाण क्लबातही मिळत नाही. चाप दाबला. तो पाठ वाकवून उडाला आणि
बसला नाही. बागेत गेला.
रेंजर : "लागली?" मी : "सकाळी बघू." उरलेली काडतुसं काढली. खिशात घातली.

शुक्र., १३.
सगळ्यांच्या पुढे मीच शिरलो. माग मला वाचता येतो म्हणून. पानावर पुसट पट्टा, पुढच्या खोडावर जास्त. काळपट, त्याला घाण वास. पोटात लागली आहे. म्हणजे मरेल, पण लवकर नाही. जवळ येईल त्याला सोडणार नाही.
मागून रेंजर : "हे काय?"
तोंडातून निघून गेलं, "केळीचा चीक. वाळला की असाच दिसतो. मजुरांचे सदरे बघा."
बाहेर मजूर उभे होते. सगळ्यांचे सदरे तपकिरी डागांनी भरलेले. जन्मात न निघणारे डाग. रेंजर पुण्याकडचे, त्यांना लगेच पटलं. "म्हणजे मिस?" "मिस. डोंगराकडे गेला." पान कापून पायानं मातीत दाबलं.
चुकलेली गोळी माफ होते. जखमी करून सोडलेलं जनावर नाही. मग चौकशी, मग पहिला प्रश्न : बिबट्याला कडक टोकाची का? याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि नगरवाला दात काढणार.
नगरवाल्याला रेंजरनीच डोंगराकडे पाठवलं. गेला बिचारा, डबा घेऊन. दिवसभरात हे एकच हसू आलं.
नाना खूष. उद्या कापणी. मी म्हटलं, एखादा दिवस थांबा. "कसाले? तुम्हीच तं म्हटले गेला."

शनि., १४.
सकाळ. जीपमध्ये बसून लिहितोय. माल न्यायची गाडी बांधाला लागली आहे. मजूर आलेत, पण आत कोणी जाईना. नाना जामसिंगवर ओरडतायत, "तू गेला म्हंजे बाकीचे येतीन."
घड वाहणारा माणूस काल रस्त्याकडच्या दुसऱ्या बागेत नीट बघितला. खांद्यावर गोणपाट, त्यावर घड, मान एका बाजूला दाबलेली. त्याला स्वतःचे पाय तेवढे दिसतात. बाजूला काही हललं तर कळणार नाही.
भीती वाटते. बिबट्याची नाही. रेंजरांसमोर "काल खोटं बोललो" हे तीन शब्द म्हणायची. तो एव्हाना मेलाही असेल. रात्री गारठा होता, जखम पोटातली. मेला असेल. असंही होतं.
जामसिंग जीपपाशी आला. गोणपाट खांद्यावर. "भाऊ, तो गया ना डोंगरमा? बठ्ठा मजूर इचारी राहिनात."
"गेला."
त्यानं मागं वळून हाक दिली, "चाला रे."
चालले आहेत. तो पुढं, बाकीचे त्याच्या मागं. पहिली रांग ओलांडली. दुसरी. आता नुसती पानं हलताना दिसतात. हाक मारली तर अजून ऐकू जाईल.
नाना चहा घेऊन आले.