सह्यांच्या वरची जागा

३ जून

गेले होते रस्त्यावरच्या दिव्यांसाठी, आले शाळा घालवून! गावाची प्रमुख म्हणे मी!

कचेरीतले साहेब म्हणाले, "सतरा मुलांसाठी शाळा परवडत नाही, बाई. पुढच्या गावात पाठवा. बस देतो. दिवेही याच महिन्यात. फक्त सभेची संमती हवी, आजच." रजिस्टर पिशवीतच होतं. आमच्याकडे सगळ्यांना घाई. म्हणून सह्या आधी, सभा नंतर, आणि ठराव मी घरी बसून सह्यांच्या वर सोडलेल्या जागेत लिहिते. गेल्या सभेच्या एक्केचाळीस सह्या होत्या, वर कोरं. दिव्यांचा ठराव लिहायचा राहिलेला. साहेबांच्याच पेनाने लिहिलं — शाळा बंद करण्यास सर्वांची संमती आहे.

सर्वांची! कुणाला विचारलं मी? बस मिळतेय ना, अशी मनाची समजूत घातली.

४ जून

घरी फक्त दिव्यांचं सांगितलं.

१६ जून

दिवे लागले. शाळेला कुलूप. बस नाही. साहेबांना फोन केला तर म्हणतात, "प्रस्ताव वर पाठवलाय." लोक मलाच विचारतात, "प्रमुखबाई, हे कुणी केलं हो?" मी म्हटलं, "सरकारने." जीभ कशी झडली नाही माझी!

२३ जून

मुलं ट्रकच्या रस्त्याने चालत जातात. शेजारच्या शिंपीणमावशींनी नातीला घरीच बसवलं. नऊ वर्षांची पोर, पहिला नंबर कधी सोडला नाही. आता गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावते. मावशी म्हणाल्या, "तू आहेस म्हणून धीर आहे गं. तू भांडशील." वर चहा दिला! अर्धा ठेवून उठले. फार लाज वाटली.

२५ जून

कचेरीत जाऊन भांडले. साहेब थंड. "नवा ठराव आणा, जुना रद्द करू. महिना संपायच्या आत हं." म्हणजे पुन्हा सह्या! या वेळी मजकूर आधी लिहिला — आधीचा ठराव मी कुणालाही न विचारता लिहिला, तो रद्द करून शाळा उघडावी. तीन कागद फाडले, मग जमलं. आता हा घेऊन दारोदार जायचं. भीती वाटतेय.

२७ जून

पहिलं दार मावशींचं. वाचून दाखवलं. त्यांनी पेन घेतला, खाली ठेवला. "अजून एक ओळ लिही. तू पदावरून उतरतेस."

लिहिली. मग सही केली त्यांनी. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस झाल्या — आमच्या घरच्यांसकट.