गाडीसाठी पाट

बाबा, आपलं अंगण परत मातीचं झालं आहे आणि तरीही कुणी येत नाही. हे तुम्हाला सांगायला मी इतके दिवस थांबले, कारण वाटायचं, आधी चार गाड्या येऊन उभ्या राहू देत, चार तंबू लागू देत, मग सांगू. आता थांबण्यात काही अर्थ उरला नाही. आपले जमीनमालक चौधरी गेले. त्यांच्या मुलांनी शेतं बिल्डरला दिली, आणि आपल्या चार खोल्या, स्वयंपाकघर, गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड, शिसमाची झाडं, सगळं पुढच्या महिन्यात कुंपणाआड जाणार आहे. मुलं वाईट नाहीत. "बुआ, आराम से सामान समेट लो, कोई जल्दी नहीं," म्हणाली. समेटायला आहे तरी काय, ते बघत मी स्वयंपाकघरात बसले आहे. ओट्याखाली तुमचे पाट आहेत. आपलं म्हणावं असं सामान तेवढंच.

तुमच्याबरोबरचे आपल्याकडचे सगळे लोक फौजेच्या वर्कशॉपमधून सुटल्यावर नागपूरकडे परतले, आणि तुम्ही आम्हाला घेऊन दिल्ली-पानिपत रस्त्याच्या कडेला उतरलात, जिथं ज्वारीचं कणीस दृष्टीस पडत नाही. चौधरी तुमच्याच वर्कशॉपमधले, म्हणून शेताचा तुकडा मिळाला. आई म्हणाली, "अहो, इथं येणार कोण?" तुम्ही म्हणालात, "दिल्लीहून मोटरसायकलवर डोंगरात जाणारा. जायच्या दिवशी त्याला घरातून निघायला उशीर होतो, परतीच्या दिवशी घरी पोचायला उशीर होतो. दोन्ही वेळा तो इथंच, याच पट्ट्यात अंधारात सापडतो." आईला पटलं नाही, पण तिनं चूल मांडली. आणि खरंच लोक सापडायला लागले. आधी एखाद-दुसरा, धडधडत येणारा, चेन तुटलेला नाहीतर प्लग गेलेला. तुम्ही शेडमध्ये त्याची गाडी खोलून बसायचात आणि चहा तसाच निवायचा. बिघाड सापडेपर्यंत तुम्हाला चहा गोड लागत नसे. सापडला की तोच गार चहा एका घोटात संपवून म्हणायचात, "आता काळजी नाही. कळलं ना कुठं दुखतंय, आता होईल."

आपलं मैदान, जिथं मुक्कामाला थांबणारे तंबू ठोकायचे, म्हणजे नांगरटीचीच जमीन. तंबूच्या मेखा लोण्यात शिराव्यात तशा शिरायच्या, पण गाडीचा साइड स्टँडही तसाच रुतायचा, आणि जड गाडी हळूहळू कलत आडवी व्हायची. म्हणून तुम्ही शिसमाच्या फळ्यांचे हातभर पाट कापलेत. गाडी फाटकातून आत वळली की पाट घेऊन पळायचं आणि स्टँड टेकायच्या आत खाली सरकवायचा. आई हसून म्हणाली, "गाडीला पाट मांडता, मग रांगोळीसुद्धा काढा की." पहिल्या पाटाभोवती मी खरंच काढली होती. त्या गाडीवाल्याला वाटलं काहीतरी पूजा आहे, त्यानं बूट काढले.

मी सोळा-सतरा वर्षांची आहे. चुलीवर भाकरी आहे, बाहेर दोघे जण येऊन बसलेत, आणि मी पाट द्यायचं विसरून त्यांना ताटं वाढते. दुसरी भाकरी तव्यावर टाकते तोवर बाहेर धप्प असा आवाज येतो. तुम्ही आत येता. ओरडत नाही. "पाहुण्याला वाढलंस, छान केलंस. तिकडं त्याची गाडी मातीत तोंड घालून पडलीय. आता त्याला तुझी भाकरी गोड लागेल का?" मी खाली मान घालून उभी. तुम्ही तवा उतरवता, करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेता आणि माझ्यासमोर बसून ती सगळी खाता. त्यानंतर गाडीचा आवाज ऐकला की माझे हात आधी पाटाकडे जायचे, मग परातीकडे. अजूनही जातात.

शाळा माझी आठवीत सुटली होती. त्याचं तुम्हाला वाईट वाटायचं, बोलून दाखवायचा नाहीत. एकदा कुणीतरी रस्त्यांच्या नकाशांचं पुस्तक विसरून गेलं. वर्षभर वाट पाहून ते तुम्ही मला दिलंत आणि म्हणालात, "यात सगळी गावं आहेत. वाचत जा, अडलं तर जेवायला बसलेल्याला विचार." इंग्रजी मी अशी शिकले, बाबा, गावांच्या नावांवरून आणि परतून आलेल्या माणसांकडून. त्यातलं एकही गाव मी पाहिलेलं नाही. पण कुठल्या घाटात पाणी रस्त्यावरून वाहतं आणि कुठल्या वळणावर चहा मिळतो, हे मला जाणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत असायचं. जाणारे खूप बोलायचे. परत येणारे गप्प असायचे, तोंडं उन्हानं सोललेली, वाढलेल्या ताटाकडे बघत बसलेले. तुमचा नियमच होता, परतणाऱ्याची पंगत आधी. जाणाऱ्यांना तुम्ही सांगायचात, "त्यांना जेवू द्या. तुम्ही परत याल तेव्हा तुमचा नंबर पहिला." परत यायला हे एक कारण पुरे होतं काही जणांना.

मग दिवस बदलले आणि आपली भरभराट झाली, हे कबूल करायला हवं. बाजारात नव्या हलक्या गाड्या आल्या, नोएडात ऑफिसं उभी राहिली, आणि शुक्रवारी संध्याकाळी पोरं घोळक्यानं निघायला लागली. पानिपतहून घेतलेली जाड ब्लँकेटं कमी पडायची. दिल्लीत मुनिरक्यात खोल्या घेऊन परीक्षांचा अभ्यास करणारी आपल्याकडची मुलं रविवारी कुणाकुणाच्या गाड्या उसन्या घेऊन यायची, पिठल्यासाठी. त्यांतला एक लातूरकडचा मोठा मिश्कील होता. तंबू ठोकता ठोकता म्हणाला, "काका, मराठी माणसाची छावणी आणि पानिपतच्या एवढ्या जवळ? जरा जपून हं." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच अलीकडे थांबलोय रे." दर जूनला येणारे ते म्हातारे सरदारजी, ते माझ्या पिठल्याला बिनअंड्याची भुर्जी म्हणायचे. "बेटी, वो बिना अंडे वाली भुर्जी और है?" मी मुद्दाम म्हणायचे, "खत्म हो गई," आणि ते पातेल्यात डोकावून बघायचे.

एका पावसाळ्यात चिखल फार झाला. नोएडाच्या एका पोरानं तुम्हाला म्हटलं, "अंकल, जगह मस्त है, बस कीचड़ का कुछ करो, यार." त्यानं यार म्हटलं याचंच तुम्हाला दोन दिवस कौतुक. पुढे रस्त्यावर कुणीतरी फरशी घातलेलं रिसॉर्ट काढलं होतं, त्याचीही धास्ती मनात असणारच. दिवाळीच्या आत तुम्ही अख्ख्या मैदानावर सिमेंट घालून घेतलंत. काम संपलं त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुम्ही मधोमध उभे राहिलात आणि मला हाक मारलीत. "आता पाट मांडायची कटकट संपली. आता सगळं अंगणच पाट झालं." मी पाट धुऊन ओट्याखाली ठेवले. मेखांचा विचार तुमच्या मनात आला नाही, माझ्या नाही, चौधरींच्याही नाही. आपण रोज गाड्यांकडे बघणारी माणसं, तंबूंकडे कोण बघतंय.

जूनमध्ये सरदारजी आले. त्यांनी तंबू पसरला, मेख धरली, हातोडी मारली. मेख वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. ते उकिडवे बसलेले तसेच तुमच्याकडे वळून बघत राहिले. "फ़ौजी साब, ज़मीन कहाँ गई?" तुम्ही हसलात, पण मला तुमचा चेहरा दिसत होता. तुम्ही म्हणालात, खोली घ्या, आपलीच आहे. त्यांनी खोली घेतली, दोन भाकरी जास्त खाल्ल्या, सकाळी तुम्हाला मिठी मारली. पुढच्या जूनला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

पण बाबा, त्याच सुमाराला रस्ताही उचलला गेला ना. आपल्या दारावरून मोठा पूल गेला, समोरचं वळण बंद झालं. आपल्याकडे यायचं तर खूप पुढं जाऊन, पुलाखालून फिरून, नव्या टाउनशिपच्या भिंतीलगतच्या गल्लीतून यावं लागतं. स्वयंपाकघरातून गाड्या ऐकू येत, दिसत नसत. तुम्ही सिमेंटवर उभे राहून मान वर करून ऐकायचात. "बघ, वरून चाललाय. जड गाडी आहे." त्याला उतरायला रस्ता नाही, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायचात, "त्याला कुणीतरी सांगितलंय, खाली सिमेंट आहे म्हणून."

पुढे एका हिवाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि रोज एकच वाक्य. "पोरी, सिमेंट नको होतं." मी म्हणायचे, बाबा, रस्ता वर गेला, तुम्ही काय करणार. तुम्ही म्हणायचात, "रस्ता सगळ्यांचाच वर गेला. ढाबेवाले उभे आहेत की नाही?" उभे होते खरं. मी तुमच्या पायांवर पानिपतचं ब्लँकेट ओढायचे. शेवटच्या दिवशी भाऊ नोएडाहून धावत आला, त्याचा हात धरून तुम्ही घराबद्दल, माझ्याबद्दल काही बोलला नाहीत. सिमेंटबद्दलच बोललात. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "बाबांच्या डोक्यात हे काय बसलंय?" काय बसलं होतं ते मला माहीत होतं. तुम्हाला बिघाड सापडला होता आणि हातात पाना धरायची ताकद उरली नव्हती.

म्हणून तुमच्यानंतर मी पहार घेतली. दुपारी जेवण झालं की एक तुकडा उचकटायचा, इतकंच. पलीकडच्या इमारतींवर काम करणाऱ्या बायका कुंपणाशी उभ्या राहून हसायच्या. "अम्मा, लोग डलवाते हैं, आप उखाड़ रही हो?" मी म्हणायचे, हो, मला दुसरं काम नाही. खालची माती पांढरी पडली होती, तिच्यात जीव नव्हता. दोन पावसाळे गेले तेव्हा तिच्यात गांडुळं दिसली, मग दूर्वा आल्या. मी पाट काढून तेल लावलं. प्रत्येकाच्या मधोमध स्टँड टेकून टेकून पडलेला खळगा आहे, त्यात तेल साचतं. शेडच्या पत्र्यावर, पुलावरून दिसेल असं, मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'यहाँ कच्ची ज़मीन है'. आणि वाट बघत बसले. किती वाट बघितली ते सांगत नाही, तुम्हाला त्रास होईल.

मागच्या आठवड्यात एक मोटरसायकल फाटकातून आत वळली. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, तरी मी पाट घेऊन पळाले. कुरिअरवाला होता, मिशा पिकलेल्या, टाउनशिपचा कुठलातरी टॉवर शोधत चुकलेला. मी पाट सरकवला तसा तो थबकला.

"ये क्या है, माताजी?"

"गाड़ी के लिए. ज़मीन नरम है."

"दो मिनट तो रुकना है."

"दो मिनट में भी गिरती है."

पाणी पिऊन त्यानं मैदानाकडे बघितलं, झाडांकडे बघितलं. निघताना पाट उचलून बाहीनं पुसला आणि दोन्ही हातांनी परत दिला. "चीज़ बढ़िया है. पर माताजी, अब तो सब जगह पक्का है." असं म्हणून तो गेला, आणि मी पाट छातीशी धरून तिथंच उभी राहिले. किती सहज बोलला. सगळीकडे पक्कं झालंय, बाबा, आता कुणाचाच स्टँड कुठं रुतत नाही. आणि वरून जाणाऱ्यांना आपलं सिमेंट माहीत नव्हतं, आपली मातीही माहीत नाही. त्यांना खाली काही आहे हेच माहीत नाही.

भाऊ न्यायला येणार आहे. त्याचं घर नवव्या मजल्यावर आहे, माणसं मायेची आहेत. मागे एक पाट तिकडे नेला होता. त्याच्या नातीनं विचारलं, "आजी, पाट म्हणजे क्या? चॉपिंग बोर्ड?" मी म्हटलं, हो गं, तसंच काहीतरी. तिनं त्यावर काकडी चिरली आणि खळग्यात मीठ ठेवलं. बाकीचे पाट मी त्या कामकरी बायकांना दिले तर त्या चुलीत घालतील, आणि न दिले तर बुलडोझरखाली जातील. चुलीत गेलेले बरे, असं वाटतं. निदान कुणाची तरी भाकरी होईल.

हे कागद मी नोएडाला नेणार नाही. तुमच्या तसबिरीपुढेही ठेवणार नाही, आज संध्याकाळी चुलीत घालीन. तुम्हाला सांगायला बसले होते की सिमेंटमुळे काही झालं नाही, चूक तुमची नव्हती, आता स्वस्थ व्हा. ते खरं आहे, आणि मी ते स्वतःच्या हातांनी फोडून तपासलं आहे. पण ते लिहिताना मला मुळीच बरं वाटलं नाही. पहार मारताना इतकी वर्षं मी मनात काय म्हणत होते ते आज कळतंय. चूक तुमचीच असू दे, बाबा, म्हणजे ती दुरुस्त तरी होईल, असं म्हणत होते.